विद्यार्थ्याचे विमान पडते तेव्हा

शाळेतला पश्चिम भारताचा नकाशा टेबलावर पसरावा आणि त्यावरील अहमदाबाद व मुंबईतील जुहू ही दोन ठिकाणे पट्टीने जोडावीत. रेघ जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण येते. सुरतेच्या पश्चिमेने, दमणच्या किनाऱ्याला घासून ती आजच्या पालघर जिल्ह्यात शिरते आणि डहाणू, बोईसर, पालघर यांच्या अगदी जवळून खाली जुहूला पोचते. तारापूर या रेघेच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर, समुद्राच्या काठाशी राहते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ जातीच्या छोट्या विमानातून निघाले. अहमदाबादला उतरून त्यांनी बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरून घेतले आणि दुपारी ते जुहूला पोचले. टाटांच्या हवाई टपालसेवेचे ते पहिले उड्डाण. विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, मांडीवरचा नकाशा, डोळ्यांना दिसणारा किनारा आणि लोहमार्ग एवढ्यावर वाट काढायची. विमानाला इंजिन एकच. ते बंद पडले तर उतरायचे कुठे, हा प्रश्न अशा वैमानिकाच्या मनात सतत जागा असतो.

मुलांना हे गणित घालता येईल. इंजिन बंद पडलेले हलके विमान दगडासारखे खाली येत नाही. ते घसरत येते आणि शांत हवेत आपल्या उंचीच्या साधारण आठ-नऊपट अंतर कापू शकते. बोईसरजवळ आपल्या रेघेवर १,००० मीटर उंचीवर असताना इंजिन थांबले, तर विमान तारापूर-चिंचणीच्या वाळूपर्यंत पोचेल का? आणि १,५०० मीटरवर असताना? समोरून पश्चिमेचा वारा असेल तर? वाळूवर पोचल्यावरही एक प्रश्न उरतोच. ओहोटीच्या वेळी या किनाऱ्यावर ओली, घट्ट वाळू मिळते, भरतीच्या वेळी ती पाण्याखाली असते. तेव्हा वैमानिकाला पंचांगही पाहायला हवे!

विमान चालवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आजही विचारतात. उड्डाण सुरळीत चालू असताना शेजारी बसलेला प्रशिक्षक काही न सांगता थ्रॉटल मागे ओढतो. इंजिनाचा आवाज बसतो. ‘‘इंजिन गेलं. आता कुठे उतरणार?’’ विद्यार्थ्याने त्या क्षणी एखादे शेत बोट करून दाखवायचे असते आणि विमान त्या दिशेने वळवायचे असते. पुरेसे खाली आल्यावर प्रशिक्षक इंजिनाला पुन्हा जोर देतो आणि विमान वर चढते.

कधीकधी मात्र हा प्रश्न खराखुरा येतो. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीच्या धावपट्टीवरून एकटीच उड्डाणाला गेलेली एक विद्यार्थिनी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात विमानासह कोसळली. विमान सेसना १५२ जातीचे, दोन आसनांचे होते. त्याची मोडतोड झाली. विद्यार्थिनीला किरकोळ दुखापत झाली आणि गावकरी मदतीला धावले. पुढच्याच वर्षी, १९ ऑक्टोबर २०२३ रोजी बारामती तालुक्यातील कटफळजवळ आणि २२ ऑक्टोबरला गोजुबावीजवळ, अशी रेडबर्ड या एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने चार दिवसांत पडली. जीवितहानी झाली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संस्थेचे प्रशिक्षण थांबवले.

वर्तमानपत्रांत अशा घटनांना ‘किरकोळ अपघात’ म्हणतात. शेतकऱ्याच्या पिकाचे नुकसान, मोडलेला पंख, हातापायाला खरचटलेला मुलगा, दोन दिवसांची बातमी. विमान वाहतुकीच्या नियमांत मात्र हा शब्द इतक्या सैलपणे वापरता येत नाही. कोणाला ओरखडाही आला नसेल, पण विमानाच्या सांगाड्याला मोठी इजा झाली असेल, तर तो अपघातच, आणि त्याची चौकशी व्हावीच लागते. असे का, हे समजण्यासाठी आधी विद्यार्थी पडतो कसा ते पाहू.

बातमी वाचून बहुतेकांची समजूत होते की इंजिन बंद पडले म्हणून विमान पडले. इंजिन बंद पडणे हा संकटाचा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा पंखाचा आहे. त्यासाठी वर्गात एक प्रयोग करता येतो. जाळी असलेला टेबलपंखा, पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणि लोकरीच्या धाग्याचे बोटाच्या पेराएवढे दहा-बारा तुकडे घ्यावेत. कागदाला किंचित बाक देऊन वरच्या बाजूवर धाग्यांची फक्त पुढची टोके चिकटवावीत. कागद पट्टीला लावून पंख्यासमोर धरावा. कागद वाऱ्याशी थोडाच कललेला असला की धागे शिस्तीत मागे लोळतात आणि पट्टीला वर उचलणारा जोर हाताला जाणवतो. पुढची कड हळूहळू वर करत गेलो की जोर वाढतो. पण एका कोनानंतर धागे एकदम विस्कटतात, फडफडतात, काही तर उलटे पुढे वळतात. वरच्या पृष्ठभागाला बिलगून जाणारी हवा आता तिथून सुटलेली असते. कागदावरचा वरचा जोर ढासळतो आणि मागे रेटणारा जोर वाढतो.

वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारगाडीचे इंजिन बंद पडते त्या अर्थाचा हा स्टॉल नव्हे. इंजिन उत्तम चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. नेहमीच्या पंखाला तो साधारण १५ ते १६ अंशांच्या आसपास गाठतो. विमान हळू झाले की तेवढेच वजन पेलण्यासाठी पंखाचा कोन वाढवावा लागतो, म्हणून हळू उडणारे विमान या मर्यादेच्या जवळ असते.

आता विद्यार्थ्याच्या जागी बसून पाहावे. इंजिन थांबले आहे. जमीन वर येताना दिसते आहे. माणसाचे हात अशा वेळी काय करतात? दांडी स्वतःकडे ओढतात, कारण दांडी ओढली की नाक वर जाते हे तो शिकलेला असतो. नाक वर गेले, वेग आणखी कमी झाला, कोन वाढला आणि पंख स्टॉल झाला. या वेळी खरे म्हणजे दांडी पुढे ढकलायला हवी, म्हणजे नाक जमिनीकडे न्यायला हवे. जमीन अंगावर येत असताना जमिनीकडेच तोंड करायचे! हे शहाणपण उपजत येत नाही, ते शिकवावे लागते.

वळताना धोका आणखी वाढतो. एका बाजूला कललेल्या विमानाच्या पंखाला वजनाबरोबर वळवण्याचेही काम करावे लागते, म्हणून त्याचा स्टॉलचा वेग वाढतो. किती वाढतो ते अकरावीची मुले काढू शकतील. कलाच्या कोनाच्या कोसाइनने एकाला भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. सरळ उड्डाणात एखादे विमान ताशी ८० किलोमीटरला स्टॉल होत असेल, तर ३० अंश कलल्यावर ते ८६ ला, ४५ अंशांवर ९५ ला आणि ६० अंशांवर ११३ ला स्टॉल होते. धावपट्टीवरून वर चढताना इंजिन गेले म्हणून जो घाईने मागे वळतो, किंवा धावपट्टीची दिशा चुकली म्हणून शेवटचे वळण जास्त आवळतो, तो नेमका या आकड्यांत सापडतो. त्यातून एक पंख दुसऱ्याच्या आधी स्टॉल झाला, तर विमान त्या बाजूला गिरकी घेत खाली जाते. ही स्पिन. सावरायला उंची लागते आणि जमिनीजवळ तीच नसते.

हे ज्ञान फार महाग पडलेले आहे. जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल यांनी ग्लायडरमधून शेकडो झेपा घेतल्या, पण ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले, ग्लायडर स्टॉल झाले, ते खाली आदळले आणि दुसऱ्या दिवशी वारले. पुढे इंजिनाची विमाने आली, आणि स्पिनमध्ये सापडलेला वैमानिक संपलाच असे मानले जाऊ लागले.

२५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये सॅलिसबरीच्या माळावर लष्करी चाचण्या चालू होत्या. नौदलातील लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क हे एव्रो विमानाने तीन तासांची चाचणी संपवून उतरत होते, सोबत एक सहकारी होता. सुमारे २०० मीटर उंचीवर विमान गिरकीत सापडले. पार्क यांनी दांडी पूर्ण मागे ओढली, सुकाणू वळणाच्याच बाजूला दिले, इंजिनाला जोर दिला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे सगळे बरोबर होते, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. जमीन पंधरा मीटरवर आली असताना निरुपायाने त्यांनी सुकाणू पूर्ण उलट्या बाजूला दाबले. गिरकी थांबली, विमान सरळ झाले आणि उतरले.

पार्क यांनी त्यानंतर जे केले ते आम्हांला गिरकीतून सुटण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. आपण काय केले, कोणत्या क्रमाने केले, त्यातले काय चुकले, हे त्यांनी लगेच जाणकारांना सविस्तर सांगितले आणि ते छापून आले. त्या वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या एका विमानाच्या अपघातात ते मरण पावले. त्यांचे टिपण उरले.

त्यावरून सर्वांनी लगेच धडा घेतला असेही नाही. १९१६ मध्ये फार्नबरो येथे मेजर फ्रँक गुडन यांनी मुद्दाम स्पिनमध्ये जाऊन बाहेर येऊन दाखवले. १९१७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडमन स्वतः विमान चालवायला शिकले, मुद्दाम गिरक्यांत गेले आणि गरगर फिरत असताना यंत्रांवरचे आकडे टिपून घेऊन आले. प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर येते त्यात हे बसत नाही खरे! पुढे हेच लिंडमन चर्चिल यांचे शास्त्रीय सल्लागार झाले.

शिकवण्याची पद्धत बदलण्याचे काम रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी केले. ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्ध नुकतेच सुरू झाले असताना, त्यांचे विमान फ्रान्समध्ये कोसळले होते. सोबतचा मेकॅनिक मरण पावला, स्मिथ-बॅरी यांचे पाय मोडले. त्या काळी विमान शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याला थोडे फिरवून आणायचे आणि धोक्याच्या गोष्टींपासून दूर राहा म्हणून बजावायचे. बजावलेली गोष्ट घडली की काय करायचे, हे कोणी सांगत नसे, कारण बऱ्याच प्रशिक्षकांनाच ते ठाऊक नव्हते. प्रशिक्षणात मरणाऱ्यांची संख्या भयंकर होती. १९१७ मध्ये गॉस्पोर्ट येथील शाळेत स्मिथ-बॅरी यांनी हे उलटे केले. एव्रो ५०४ या दुहेरी नियंत्रणाच्या विमानात विद्यार्थ्याला खऱ्या चालकाच्या जागी बसवायचे, पुरेशा उंचीवर जाऊन त्याच्याकडून स्टॉल करवायचा, स्पिन करवायची आणि त्याच्याच हातांनी विमान बाहेर काढवायचे. इंजिनाच्या गोंगाटात बोलणे ऐकू जावे म्हणून एक रबरी नळी वापरत, तिला गॉस्पोर्ट नळी असेच नाव पडले. मुलाने चूक करूच नये म्हणून त्याचा हात धरून ठेवायचा की सुरक्षित जागी ती चूक त्याच्याकडून करवून घ्यायची, हा वाद शिक्षकांना अपरिचित नाही. गॉस्पोर्टने दुसरा मार्ग निवडला आणि जगभरच्या विमानशाळांनी तो उचलला.

त्याच वर्षी, म्हणजे ऑगस्ट १९१७ मध्ये, शत्रुपक्षात एक किरकोळ अपघात झाला. गुस्टाव लाखमन हा एकविशीतला जर्मन तरुण विमान चालवायला शिकत होता. त्याचे रुम्पलर विमान स्टॉल होऊन कोसळले आणि तो जखमी होऊन रुग्णालयात पडला. युद्ध ऐन भरात असताना एका शिकाऊ वैमानिकाच्या पडण्याची काय मातबरी? पण लाखमनला पडल्या पडल्या एकच गोष्ट छळत राहिली. हवा पंखावरून सुटली म्हणून मी पडलो, मग ती सुटणारच नाही असे काही करता येईल का? त्याला सुचले ते असे. पंखाच्या पुढच्या कडेच्या जरा पुढे एक अरुंद, लहानसा पंखच बसवायचा आणि दोहोंच्या मध्ये खाच ठेवायची. त्याने लाकडी नमुना करून घेतला आणि १९१८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. जर्मन पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. पंखाला खाच पाडली तर त्याची उचल कमीच होणार, असे कार्यालयाचे मत पडले. ते मत वरवर पाहता अडाणीपणाचे नव्हते, तुम्हीआम्हीही तेच म्हटले असते.

तिकडे इंग्लंडमध्ये हँडली पेज यांनी याच्याशी काहीही संबंध नसताना खाचेच्या पंखाचे प्रयोग केले आणि १९१९ मध्ये पेटंट मागितले. त्याची बातमी लाखमनला कळली. त्याने आपला जुना अर्ज पुन्हा बाहेर काढला. गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या वातविवरात पंख तपासला गेला आणि उचल खरोखरच वाढते असे दिसले. जर्मन पेटंट मिळाले. हँडली पेज यांनी कोर्टकचेरी करण्याऐवजी लाखमनशी करार केला, आणि पुढे लाखमन त्यांच्याच कंपनीत दाखल झाला.

खाचेमुळे स्टॉल पुढे का ढकलला जातो? अनेक पुस्तकांत अजूनही असे लिहिलेले असते की खाचेतून जोराचा झोत येतो आणि तो पंखावरच्या थकलेल्या हवेला नवी ताकद देतो. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, पण बरोबर नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ए. एम. ओ. स्मिथ यांनी दाखवले की पुढच्या छोट्या पंखाभोवती फिरणाऱ्या हवेमुळे मागच्या पंखाच्या पुढच्या कडेवरची हवा उलट मंदावते. त्यामुळे तिथे दाबाची तीव्र चढण उरत नाही आणि हवेला पृष्ठभागाला बिलगून राहणे सोपे जाते. शिवाय मागच्या पंखावर हवेचा ताजा, पातळ थर सुरू होतो. आपल्या प्रयोगातही पोस्टकार्डापुढे बोटभर रुंदीची वाकवलेली पट्टी धरून पाहावी. जागा जमायला वेळ लागतो, पण जमली तर धागे आणखी थोड्या कोनापर्यंत शांत राहतात.

हँडली पेज यांनी यात एक गमतीदार सुधारणा केली. पुढची फळी बिजागरीसारख्या जोडावर मोकळी ठेवली. वेगाने उडताना हवा तिला पंखाशी चिकटवून ठेवते आणि पंख स्टॉलजवळ आला की पुढच्या कडेवरचे चोषण तिला आपोआप बाहेर ओढते. वैमानिकाने काहीच करायचे नाही. डी हॅविलंड कंपनीच्या मॉथ विमानांच्या वरच्या पंखांच्या टोकांना अशा फळ्या बसवता येत. टायगर मॉथ या शिकाऊ विमानावर त्या सर्रास दिसत, आणि भारतातील फ्लाइंग क्लबांत हजारो मुले टायगर मॉथवरच शिकली.

या मॉथ विमानांबरोबर आपण पुन्हा जुहूला येतो. १९२८ मध्ये मुंबईचा फ्लाइंग क्लब स्थापन झाला. टाटा तिथेच शिकले. प्रशिक्षकासोबत अवघे पावणेचार तास उडून ते एकटे आकाशात गेले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातील पहिले वैमानिक प्रमाणपत्र मिळाले. त्यावर क्रमांक होता १. विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलवट. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची टपालसेवा बाडबिस्तरा उचलून पुण्याला येरवड्यास जाई. आज व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातले बरेच तास एकट्याने करायचे असतात. पावणेचार तासांवरून इथवर येताना मधल्या अपघातांतून काय काय उमगत गेले, ते सगळे या तासांमध्ये भरलेले आहे.

अपघाताच्या चौकशीचे आंतरराष्ट्रीय नियम १९५१ मध्ये ठरले. शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात ते आहेत. तिथे चौकशीचा एकमेव हेतू सांगितला आहे तो पुढचा अपघात टाळणे हा. दोष कोणाचा, जबाबदार कोण, हे ठरवणे चौकशीचे काम नाही. भारतात २०१२ पासून विमान अपघात तपासासाठी वेगळा विभाग आहे. इंजिनात पेट्रोल किती होते, देखभालीच्या नोंदी काय सांगतात, वारा कुठून होता, विद्यार्थ्याने किती तास झोप घेतली होती, प्रशिक्षकाने निघण्यापूर्वी काय सांगितले, हे सगळे तो विचारतो. ‘मुलाची चूक’ एवढ्यावर थांबणारा अहवाल निरुपयोगी असतो, कारण चूक त्या वेळी त्या मुलाला बरोबर का वाटली हे त्यातून कळत नाही. पार्क यांनी दांडी मागे ओढली तेव्हा त्यांनाही ती बरोबरच वाटली होती.

अर्थात नियम कागदावर असतो. शिकणाऱ्याला भीती असते की खरे सांगितले तर परवाना जाईल, लाखो रुपयांची फी पाण्यात जाईल. संस्थेला भीती असते नावाची. आपटून उतरलेले विमान किंचित वाकल्याचे कोणी सांगितलेच नाही, तर त्याचा हिशेब दुसरा विद्यार्थी हवेत चुकता करतो. बारामतीच्या ऑक्टोबरातील दोन घटनांनंतर प्रशिक्षण बंद ठेवण्याचा निर्णय काहींना कठोर वाटला असेल. आम्हांला तो योग्यच वाटला. चार दिवसांत दोनदा तेच घडते तेव्हा प्रश्न एकेका मुलाच्या हाताचा राहत नाही.

बोईसर-तारापूरच्या शाळांतील शिक्षकांना एक सुचवतो. पंख्यापुढचा प्रयोग झाला की मुलांना चिंचणीच्या किनाऱ्यावर न्यावे, एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला. हलके विमान उतरायला साधारण तीनचारशे मीटर सरळ, घट्ट जमीन लागते असे धरावे. तेवढी पट्टी पावलांनी मोजावी. वाळू कुठे टाचेखाली दबते, कुठे खडक आहेत, कुठे होड्या आणि जाळी आहेत, सुरूच्या झाडांची उंची किती, संध्याकाळी माणसे कुठे बसतात, हे नकाशावर भरावे. वारा कोणत्या दिशेने येतो ते रुमाल धरून पाहावे, कारण उतरायचे ते वाऱ्याला तोंड देऊन. मग एकाने दुसऱ्याच्या नकळत हाक द्यावी, ‘इंजिन गेलं!’ आणि दुसऱ्याने दहा सेकंदांत बोट करून जागा दाखवावी.